अंदमानची गट-सहल बेटावर भार न टाकता कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बावीस जणांचा एक गट, त्यात सात ज्येष्ठ नागरिक आणि पाच मुले, डिसेंबरअखेरीस एका सहल कंपनीबरोबर सहा रात्री आणि सात दिवसांसाठी अंदमानला जाणार आहे. माहितीपत्रकात ‘पर्यावरणस्नेही सहल’ असे छापले आहे. ते खरे आहे की नाही हे कसे ओळखावे, आणि मार्गदर्शकाबरोबर ठरलेल्या कार्यक्रमानुसार फिरताना आपल्या हातात नेमके काय उरते, असे प्रश्नकर्त्या ताईंनी विचारले आहे. गेली सतरा वर्षे मी पुण्याहून मराठी मंडळींचे गट अंदमानला नेतो आहे, त्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

माझ्या अनुभवात बेटांचे बहुतेक नुकसान घाईमुळे होते. मुद्दाम प्रवाळ मोडायला कोणी जात नाही. परंतु अकरा वाजता बोट पकडायची असते, त्याआधी सगळ्यांचे पाण्यातले फोटो व्हायचे असतात, दोन कुटुंबे अजून कपडे बदलत असतात. अशा वेळी मार्गदर्शक सूचना गाळतो, बोटवाला वेग वाढवतो आणि माणसे जिथे पाय टेकेल तिथे उभी राहतात. म्हणून माहितीपत्रकातली विशेषणे बाजूला ठेवून आधी दिवसनिहाय कार्यक्रम मागवून घ्यावा आणि प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष किती तास मिळणार आहेत ते लिहून घ्यावे. एका दिवसात तीन समुद्रकिनारे आणि एक बेट असे लिहिलेले असेल, तर तिथे काळजी घेतली जाण्याची शक्यता जवळजवळ नाही.

सहा रात्रींची सर्वसाधारण विभागणी अशी असते: पोर्ट ब्लेअर तीन, हॅवलॉक दोन, नील एक. (२०१८ च्या डिसेंबरमध्ये हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे नामकरण झाले, तर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. बोटवाले आणि हॉटेलवाले अजून जुनी नावे सर्रास वापरतात, म्हणून इथे तीच ठेवतो.) तिन्ही ठिकाणी दोन-दोन रात्री मागाव्यात, असे मी सुचवीन. पोर्ट ब्लेअरची तिसरी रात्र बहुधा बाराटांग बेटाच्या फेरीसाठी ठेवलेली असते आणि ती फेरी मी माझ्या कार्यक्रमातून काढून टाकली आहे. त्याचे कारण नीट सांगायला हवे.

बाराटांगची चुनखडीची गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहण्यासाठी गाड्या अंदमान ट्रंक रोडने जातात. जिरकाटांगच्या नाक्यापासून मिडल स्ट्रेटपर्यंतचा सुमारे पन्नास किलोमीटरचा हा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. जारवा म्हणजे अवघी काही शे माणसांची जमात. १९९७-९८ पर्यंत त्यांनी बाहेरच्या माणसांना जवळ येऊ दिले नव्हते आणि संपर्क सुरू होताच १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आदिवासींच्या संरक्षणासाठी १९५६ पासून स्वतंत्र विनियम आहे. राखीव क्षेत्रातले या रस्त्याचे भाग बंद करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता. तरीही वाहतूक चालूच राहिली. २०१२ च्या जानेवारीत, खाण्याच्या बदल्यात जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याची चित्रफीत जगापुढे आली, तेव्हा देशभर संताप झाला.

आज गाड्या ठराविक वेळी, पोलिसांच्या देखरेखीखाली, ताफ्याने सोडतात. थांबायचे नाही, काच उघडायची नाही, छायाचित्र काढायचे नाही, असे नियम आहेत आणि ते योग्यच आहेत. पण गाडीतले वातावरण मी अनेकदा पाहिले आहे. पहाटे तीनला उठून आलेली, एरवी अतिशय सुसंस्कृत असलेली माणसे खिडकीला नाक लावून ‘दिसले का, दिसले का’ असे एकमेकांना विचारत असतात. माणसांकडे अशा नजरेने पाहणे हा माझ्या सहलीचा भाग असू नये, असे मला वाटते. मार्गदर्शक जर ‘रस्त्यात जारवा दिसतील’ असे आमिष म्हणून सांगत असेल, तर ती कंपनी सोडून द्यावी. गुहा पाहायचीच असेल, तर समुद्रमार्गे जाणारी बोट त्या दिवशी मिळते का ते विचारावे. गुहेत लवणस्तंभांना हात लावू नये, कारण हाताचा तेलकटपणा तिथे बसला की पाण्यातला चुना साचत नाही आणि वाढ खुंटते.

आता प्रवाळाकडे येतो, कारण गटाकडून सर्वांत जास्त हानी तिथेच होते. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, हे सगळ्यांना शाळेत शिकवलेले असते, पण कमरेइतक्या पाण्यात पायाला टणक लागले की माणूस त्यावर उभा राहतोच. हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर माझ्या गटातल्या एका बाई पाण्याखाली पाहण्यासाठी लावलेल्या मुखवट्यात पाणी शिरल्यामुळे घाबरल्या आणि पायाखालच्या शिंगांसारख्या फांद्यांवर उभ्या राहिल्या. पाण्याखाली मला तो आवाज ऐकू आला. वाळलेल्या काटक्या मोडाव्यात तसा बारीक, कोरडा. फांद्यांची तुटलेली टोके आतून पांढरीशुभ्र होती आणि पाण्यात तपकिरी धुरळा पसरला होता. शिंगांसारखे फांद्यांचे प्रवाळ वर्षाला साधारण दहा सेंटिमीटर वाढते, आणि गोल डोक्यासारखे घट्ट प्रवाळ वर्षाला एखादा सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. बाईंची चूक नव्हती. मुखवटा कसा साफ करायचा हे त्यांना उथळ, वाळूच्या पाण्यात आधी शिकवायला हवे होते, आणि त्या दिवशी आम्ही अर्धा तास उशिरा पोचल्यामुळे मी ते शिकवणे गाळले होते. त्यानंतर मी ते कधीही गाळलेले नाही. वेळ नसेल तर पाण्यात उतरणे रद्द करतो.

हे प्रवाळ आधीच तोलावर उभे आहे, हेही गटाला सांगावे. समुद्र नेहमीपेक्षा एखादा अंश जास्त तापला आणि तो ताप काही आठवडे टिकला की प्रवाळ आपल्या शरीरातले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. १९९८ मध्ये आणि पुन्हा २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर घडले. या दोन्हींच्या मधल्या काळात, २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने उत्तर अंदमानची जमीन वर उचलली गेली आणि तिथले काही प्रवाळ कायमचे पाण्याबाहेर येऊन मेले. एलिफंट बीचवर त्सुनामीत आडवे झालेले मोठमोठे वृक्ष करडे-पांढरे होऊन पडलेले दिसतात. पाय टेकून किंवा नांगर टाकून आपण केलेली इजा या सगळ्यावर येऊन पडते, म्हणूनच ती छोटी वाटली तरी छोटी नसते.

त्यामुळे सहल कंपनीला विचारायचे प्रश्न अगदी नेमके ठेवावेत. बावीस जणांना एकाच वेळी पाण्यात उतरवणार की पाच-सहा जणांच्या तुकड्यांत? प्रत्येक तुकडीबरोबर पाण्यात उतरणारा स्थानिक मार्गदर्शक असेल का? बोट तरंगत्या बोयाला बांधणार की प्रवाळावर नांगर टाकणार? ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी रिंग असते, तिला धरून मार्गदर्शक ओढत नेतो. एका रिंगला दोघांहून अधिक माणसे लावणार नाही, असे कबूल करून घ्यावे. माशांना पाव आणि बिस्किटे टाकून फोटोसाठी गोळा करण्याची पद्धत एलिफंट बीचवर पडली आहे. ‘आमच्या गटासाठी हे करू नका’ असे बोटीत चढण्यापूर्वीच सांगावे, नंतर पाण्यात वाद घालता येत नाही. ज्येष्ठांसाठी काचेच्या तळाची बोट चांगली, मात्र ती ओहोटीला उथळ पाण्यात नेऊ नये. उन्हापासून बचावासाठी लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे न्यावेत. त्वचेला लावायच्या मलमांतली काही रसायने प्रवाळाला घातक ठरतात म्हणून हवाई आणि पलाऊने त्यांवर बंदी घातली आहे. बाह्या असल्या की मलम लागतेच कमी.

नील बेटावरचा नैसर्गिक पूल हे दुसरे नाजूक ठिकाण. स्थानिक लोक त्याला हावडा ब्रिज म्हणतात. तिथे ओहोटीच्या वेळी जावे लागते आणि चालताना दोन्ही बाजूंना खडकांच्या खळग्यांत जिवंत प्रवाळ, छोटे मासे, समुद्री काकड्या दिसतात. उत्साही वाटाड्या समुद्री काकडी उचलून हातात देतो, मुले किंचाळतात, फोटो होतो. त्या क्षणी ती काकडी घाबरून पाणी सोडते आणि कधी कधी आतली आतडीही बाहेर टाकते. समुद्री काकडी हा कायद्याने संरक्षित प्राणी आहे. मी वाटाड्याला दुपारी चहा पाजतानाच सांगतो की आमच्या गटाला काहीही उचलून दाखवू नकोस, खाली वाकून दाखव, ठरलेले पैसे मिळतीलच. बहुतेक वाटाड्यांना याचा आनंदच होतो. पर्यटकांना आवडते म्हणून ते उचलत असतात, स्वतःला आवडते म्हणून नव्हे. चालण्याची वाट एकच धरावी, सगळ्यांनी एकामागून एक जावे आणि त्यासाठी टाचा बंद असलेली रबरी तळव्यांची पादत्राणे घालावीत, म्हणजे तोल जाऊन पाय भलतीकडे पडत नाही.

नियम पाळले की काय साधते हे पाहायचे असेल, तर कार्यक्रमात जॉली बॉय बेट अवश्य घालून घ्यावे. वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९८३ मध्ये झाली. त्यातली जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे पर्यटकांसाठी वर्षात आलटून पालटून उघडतात, म्हणजे एकाला काही महिने विश्रांती मिळते. डिसेंबरात सहसा जॉली बॉय उघडे असते. वनखात्याचा परवाना आधी काढावा लागतो, आणि वंडूरच्या धक्क्यावर कर्मचारी प्रत्येक पिशवी उघडून पाहतात. प्लास्टिकची वेष्टने, पाण्याच्या विकतच्या बाटल्या, खाऊचे पुडे तिथेच ठेवून घेतात. टिकाऊ बाटली अनामत रक्कम भरून नेता येते आणि ती परत दाखवल्यावर पैसे मिळतात. आमच्या मंडळींच्या पिशव्यांतून भाकरवडी, चिवडा, शेव यांचे इतके पुडे निघतात की टेबल भरून जाते, आणि दरवेळी कोणीतरी रागावते. त्यावर उपाय सोपा आहे. आदल्या रात्री खाऊ स्टीलच्या डब्यांत काढून ठेवावा. बेटावर पोचल्यानंतर वाळूत एक कपटाही दिसत नाही, तेव्हा रागावलेली माणसेच ‘सगळीकडे असे का करत नाहीत’ असे विचारतात.

सगळीकडे तसे नाही, हे खरे आहे. बेटावर आलेली वस्तू बेटावरच राहते, कारण ती परत मुख्य भूमीला न्यायची तर पुन्हा सुमारे बाराशे किलोमीटर समुद्र ओलांडायचा असतो. म्हणून प्रत्येकाने स्वतःची पाण्याची बाटली न्यावी आणि हॉटेलात गाळलेले पाणी भरून मिळेल याची खात्री कंपनीने आधीच करावी. बावीस माणसे दिवसाला विकतच्या तीन बाटल्या घेतील, तर सात दिवसांत साडेचारशेहून अधिक बाटल्या होतात. हा हिशेब मी पहिल्याच बैठकीत फळ्यावर मांडतो. मुलांचे डायपर, रिकामे सेल, औषधांची वेष्टने ही मी एका पिशवीत जमा करून परत पुण्याला आणतो, आणि गटातले लोक पहिल्या दिवशी संकोचले तरी तिसऱ्या दिवशी स्वतःहून आणून देतात.

पाण्याबद्दल मात्र अधिक जपून वागायला हवे, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. अंदमानात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण साठवायला जागा कमी. पोर्ट ब्लेअरची भिस्त मुख्यतः धनीखाडी धरणावर आहे, आणि जानेवारीनंतर पाऊस थांबला की उन्हाळ्यात शहरातल्या घरांना पाणी दिवसाआड किंवा त्याहूनही विरळ येते. त्याच काळात हॉटेलांच्या नळांना चोवीस तास पाणी असते, कारण टँकर विकत घेतले जातात. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीतल्या सहली मी बंद केल्या. डिसेंबरअखेरीस पाण्याची ओढ तितकी नसते, परंतु गर्दी प्रचंड असते. मुलांच्या शाळेमुळे तारखा बदलणे शक्य नसेल, तर निदान २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा टाळावा. चादरी-टॉवेल रोज बदलू नका, असे हॉटेलला गटाच्या वतीने एकदाच लिहून द्यावे. वीजही बहुतांशी जहाजाने आणलेल्या डिझेलवर तयार होते, तेव्हा खोलीबाहेर पडताना वातानुकूलन बंद करणे ही तिथे साधी शिस्त नसून गरज आहे.

जेवणाचा विषय मराठी गटांत नाजूक असतो. ‘रोज घरगुती मराठी जेवण’ हे आमच्या धंद्यातले मोठे आकर्षण आहे आणि त्यासाठी काही कंपन्या आचारी आणि शिधा दोन्ही बरोबर नेतात. ज्येष्ठांच्या पथ्यासाठी ते समजण्यासारखे आहे. पण सातही दिवस पुरी-श्रीखंड खाऊन परतलो, तर बेटावरच्या शेतकऱ्याला आणि कोळ्याला आपल्या येण्याचा काय उपयोग झाला? हॅवलॉक आणि नीलवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे वसवली गेली. नीलच्या शेतांतली भाजी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. तिथल्या बंगाली खाणावळीत डाळ, भात, भाजी आणि ताज्या माशाची आमटी मिळते. पालक, लाल भोपळा, केळफूल आपल्याला परके नाहीत. मासे मागवताना सुरमई किंवा कुपा घ्यावा आणि पोपटासारख्या चोचीचा रंगीत मासा घेऊ नये, कारण तो प्रवाळावर माजणारे शैवाल खाऊन ते स्वच्छ ठेवतो. दोन वेळा आपले जेवण आणि बाकीच्या वेळी तिथले, अशी तडजोड माझ्या गटांना मानवली आहे.

रॉस बेटावर ब्रिटिशांच्या पडक्या इमारतींमध्ये चितळ फिरतात आणि अगदी हातापर्यंत येतात. ही हरणे मूळची तिथली नाहीत. ब्रिटिशांनी ती मुख्य भूमीवरून आणली, त्यांना खाणारा वाघ-बिबट्या अंदमानात नाही, आणि त्यामुळे अनेक बेटांवर त्यांनी कोवळी रोपे उगवूच दिली नाहीत. एका चितळाला मी बिस्किटाचा पुडा वेष्टनासकट चघळताना पाहिले आहे. चांदीच्या रंगाची पट्टी त्याच्या ओठाबाहेर लोंबत होती आणि तोंडातून काढून घ्यायला कोणी धजत नव्हते. खायला घालू नये, एवढेच.

रात्री किनाऱ्यावर विजेऱ्या आणि मोबाइलचे दिवे घेऊन हिंडू नये, कारण डिसेंबर ते मार्च हा कासवांच्या विणीचा काळ आहे. आपल्या कोकणातल्या वेळासला दोरीमागे गप्प उभे राहून पिल्ले समुद्राकडे जाताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. वेगवान बोटीऐवजी हॅवलॉकच्या खारफुटीतून वल्हवत्या कयाकने जाणे हा पर्याय तरुणांनी जरूर घ्यावा. उथळ पाण्यातल्या समुद्री गवतावर डुगाँग म्हणजे समुद्रगायी चरतात आणि बोटींच्या पंख्यांचा त्यांना थेट धोका असतो.

विमानाबद्दलही ताईंनी विचारले आहे. मुंबई किंवा पुण्याहून अंदमानला जाऊन येण्याचा इंधनाचा भार मोठा आहे आणि सहलीतल्या दुसऱ्या कोणत्याही काटकसरीने तो भरून निघत नाही. चेन्नईहून जहाजाने सुमारे तीन दिवस लागतात, जे मुलांना आणि ज्येष्ठांना घेऊन व्यवहार्य नाही. म्हणून माझा सल्ला असा की जायचे तर एकदाच, पण पूर्ण सात-आठ दिवस जावे; तीन रात्रींची स्वस्त सहल घेऊ नये.

शेवटचा मुद्दा मुलांचा, आणि शंख-शिंपल्यांचा. प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. किनाऱ्यावर मेलेला सापडलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा नेता येत नाही आणि विमानतळावर सामान तपासताना तो निघाला तर कारवाई होऊ शकते. परंतु मुलांना कायद्यापेक्षा दुसरी गोष्ट लवकर पटते. नीलवर एका आठ वर्षांच्या मुलीने लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावरून एक सुंदर शंख आणून हॉटेलच्या खोलीत पाण्याच्या पेल्याजवळ ठेवला होता. रात्री तो टेबलावरून चालू लागला. आत खेकडा होता. मऊ पोटाचा, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा. अशा खेकड्यांना वाढताना मोठा शंख शोधावा लागतो, आणि किनारा वेचून रिकामा केला तर त्यांना घर मिळत नाही, हे मी तिला तेव्हा सांगितले. पहाटे साडेपाचला ती, तिचे आजोबा आणि मी त्याच जागी गेलो. तिने शंख वाळूवर ठेवला, आणि खेकडा पाय बाहेर काढून झाडीकडे जाईपर्यंत ती उकिडवी बसून राहिली. मग खिशातले उरलेले सात-आठ शंखही तिने तिथेच रिकामे केले. तेव्हापासून परतीच्या बोटीच्या आधी किनाऱ्यावरचा अर्धा तास मी कार्यक्रमात छापूनच ठेवतो. तुमच्या कंपनीकडून तो तेवढा मागून घ्यावा.